महानंदाच्या लग्नाची कॅसेट

सबिहा नांदेडच्या विद्यापीठात इतिहास शिकवायची. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ती विभागाच्या सभागृहात सगळ्यांना खुलं असं व्याख्यान ठेवायची आणि त्यानंतर एखादा सिनेमा. यायचे ते ठरलेलेच लोक. काही निवृत्त शिक्षक, विष्णुपुरीच्या कॉलनीतल्या बायका, आणि नुसत्या सिनेमासाठी मागच्या दाराने शिरणारी इंजिनिअरिंगची पोरं. "हुशार मुलं दहावी झाली की लातूर गाठतात, तुमच्या व्याख्यानाला कोण बसणार?" असं तिला विभागात कुणी ना कुणी ऐकवायचंच.

दोन हजार दहाच्या पावसाळ्यात तिने सप्टेंबरचा कार्यक्रम त्र्याण्णवच्या भूकंपावर करायचं ठरवलं. भूकंपानंतर जन्मलेली मुलं आता अकरावी-बारावीला आली होती. त्यांना ढिगाऱ्यांचे फोटो माहीत होते, पण त्या ढिगाऱ्यांच्या जागी आधी काय होतं ते माहीत नव्हतं. सबिहाला उभं गाव दाखवायचं होतं. त्यासाठी ती लातूरला नासिरमामांकडे गेली.

नासिरमामांचं गंजगोलाईच्या मागे फोटो-व्हिडिओचं जुनं दुकान होतं. त्यांनी कपाटातून एक कॅसेट काढली.

"भूकंपाच्या आधीच्या उन्हाळ्यात औसा तालुक्यात एक लग्न शूट केलं होतं. दसऱ्याला कॅसेट नेतो म्हणाले होते." मामांनी कॅसेटवरची धूळ पुसली. "नवरदेव गेला, त्याचे आई-बाप गेले. नवरी तेवढी माहेरी होती म्हणून वाचली. मी मागे तिच्याकडे घेऊन गेलो होतो, बेटा. म्हणाली, तुमच्याकडंच ठेवा."

ती नवरी, महानंदा, आता लातुरातच होती. क्लासेसच्या भागात तिची आणि तिच्या दुसऱ्या नवऱ्याची, दयानंदची, मेस होती. सबिहा दुपारी तिथे पोचली तेव्हा महानंदा पोळ्या लाटत होती आणि तिची मुलगी सुकन्या डब्यांची झाकणं लावत होती. सबिहाने सगळं नीट सांगितलं. महानंदाने ऐकताना हात थांबवला नाही.

"मॅडम, त्याच्यात माझं लग्न हाय," ती म्हणाली. "लोकांनी बघावं असं त्याच्यात काय न्हाई."

"तुमचं नाव कुठेच येणार नाही, ताई. मला फक्त गाव दाखवायचंय."

महानंदाने मुलीला पाणी आणायच्या निमित्ताने आत पाठवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "ही पोटात हुती तवा तिचा बाप गेला. दोन वर्षांची असताना ह्यांनी तिला पदरात घेतलं. कधी आवाज चढवून बोलले न्हाईत. आता पडद्यावर दुसरा बाप कशाला उभा करू?"

सबिहाने कॅसेट दाखवणार नाही असा शब्द दिला आणि विषय तिथेच सोडला. नांदेडला परतल्यावर तिने कॅसेटचं नाव कार्यक्रमातून काढून टाकलं. पुनर्वसित गावांच्या छायाचित्रांवर एक व्याख्यान ठेवलं आणि स्वतःची समजूत घातली.

पण पाणी आणायला गेलेल्या सुकन्याने दारामागून सगळं ऐकलं होतं. कार्यक्रमाच्या शनिवारी क्लासची टेस्ट बुडवून ती एस.टी.ने एकटीच नांदेडला आली आणि दुपारी विभागात येऊन उभी राहिली.

"मला ती कॅसेट बघायचीय, मॅडम."

मामांनी त्या कॅसेटची करून दिलेली सीडी सबिहाच्याच टेबलाच्या खणात होती. पोरीच्या चेहऱ्याकडे बघून तिचा हात खणाकडे गेलाही. पण तिने तो मागे घेतला.

"तुझ्या आईने नको म्हटलंय, बाळ. मी तिला शब्द दिलाय."

"बाप माझा हाय ना पण? घरात त्यांचा एक फोटो सुदिक न्हाई. सगळं ढिगाऱ्यात गेलं. ते कसे दिसायचे हे मला कुणी धड सांगत बी न्हाई."

 सबिहाने मुलीला जेवायला घातलं आणि मेसवर फोन केला. संध्याकाळी कार्यक्रमाच्या आधी दयानंद ओळखीच्या माणसाची जीप घेऊन आला. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. सुकन्याला बघून तो रागावला नाही, नुसता तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला.

"दाखवली का हिला?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याने मान डोलावली. मग म्हणाला, "महानंदा माझ्यासाठी नको म्हणून राहिली. पण मला तिनं कधी विचारलंच न्हाई."

सुकन्याचे डोळे भरले. "पप्पा, मला तुम्हाला सोडून दुसरं कुणी नकोय. फक्त एकदा बघायचंय."

"मला बी बघायचंय," दयानंद म्हणाला. "ज्याची पोर मी वाढवली, त्याचं तोंड मला कुठं ठाऊक हाय?"

त्या दिवशी ते दोघं व्याख्यान ऐकून लातूरला परत गेले. घरी काय बोलणं झालं ते सबिहाला कळलं नाही. दिवाळीनंतर महानंदाचा फोन आला. "येतो आम्ही. पण तिथं दुसरं कुणी नको."

रिकाम्या सभागृहात तिघं पुढच्या रांगेत बसले. नासिरमामाही लातूरहून त्यांच्याबरोबर आले होते, त्यांनी स्वतः मशीन लावलं. पडद्यावर दगडी भिंतींची गल्ली आली, लिंबाचं झाड आलं, मांडवात पाणी वाटणारी बाई आली. "आत्याबाई," महानंदा पुटपुटली. सासूला ती असंच म्हणायची. मग मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, अमृत, आला. सडपातळ, मोठ्या कानांचा. बायका त्याला नाव घ्यायचा आग्रह करत होत्या. पाठ केलेला उखाणा तो विसरला, हसत सुटला आणि शेवटी नुसतंच म्हणाला, "महानंदा. झालं की आता."

"मामा, मागं घ्या ना," सुकन्या म्हणाली. मामांनी मागे घेतलं. तिने ते वाक्य पुन्हा ऐकलं, मग आणखी एकदा.

"आवाज बसका हाय त्यांचा," ती आईकडे वळली. "माझ्यासारखा."

"हाव," महानंदा म्हणाली. "तू बोलायला लागलीस तवाच मला कळलं हुतं."

इतकी वर्षं तो आवाज रोज घरात ऐकत ती गप्प राहिली होती, हे दयानंदलाही तेव्हाच समजलं असावं. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग महानंदा रडली, मोकळेपणाने.

निघताना तिनेच सबिहाला थांबवलं. "मॅडम, मांडवात निम्मं गाव हाय. त्यांच्या लोकांनी बघितलं न्हाई अजून. आधी त्यांना बोलवा, मग दाखवा कुणालाबी. आन मधी भाषण नको."

जानेवारीच्या शनिवारी पुनर्वसित गावातून माणसं गाडी करून आली. सभागृहात बसायला जागा उरली नाही. इंजिनिअरिंगची पोरं भिंतीला टेकून उभी होती. चित्र सुरू झालं आणि अंधारातून आवाज येऊ लागले. "ती शेवंताक्का." "आमचा दादा, फेट्यातला." "ते बघ, व्यंकटरावाचं घर." सिनेमा चालू असताना कुणी बोललं की सबिहा नेहमी दटावायची. त्या दिवशी ती गप्प बसून ऐकत राहिली. पोरांपैकीही कुणी हललं नाही.

संपल्यावर बाहेर चहा होता. सुकन्या सरजाबाई नावाच्या म्हातारीजवळ पायरीवर बसली. सरजाबाईचं घर अमृतच्या घराला लागून होतं.

"तुझा बाप लई गरीब सोभावाचा," सरजाबाई म्हणाली. "आन भित्रा. म्हशीला भ्यायचा. धार काढायला आई लागायची त्याला."

पलीकडे उभी असलेली महानंदा हसू लागली. "खरंय ते," ती दयानंदला म्हणाली, आणि तोही हसला.

गाडीवाला हॉर्न वाजवत होता. बाकीचे लोक उठले. सुकन्याने सरजाबाईच्या हातातला रिकामा कप घेतला आणि तिला आणखी जवळ सरकून विचारलं, "आजी, अजून सांगा ना."

सरजाबाईने गाडीकडे एकदा बघितलं. "थांबंल ती," असं म्हणून ती पुढे सांगू लागली.