मुरदोलीच्या जंगलात बंद पडले तेव्हा

मी केशोरावची फटफटी. देवरीच्या बाजारात माझा आवाज आला की लोक म्हणतात, "केशोराव आला." मी दिसायची तर बाकीच असते.

माझी घडण जुनी. माझ्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, नाहीतर इंजिन तापून जाम होतं. एवढं सांभाळलं की माझं दुसरं मागणं नाही. केशोरावचं लग्न नवं होतं तेव्हा मी घरात आले. शेताच्या बांधीतलं धान, आठवडी बाजार, अनुसयाबाईचं माहेर, सगळं माझ्या पाठीवर झालं.

पुढं नव्या गाड्या आल्या आणि माझे सुटे भाग मिळेनासे झाले. क्लचची तार तुटली, मी गोठ्यात गेले. कोंबड्या सीटवर येऊन बसत. मला त्यांचा राग नाही, तेवढीच ऊब.

एक दिवस गावातला भोजराज तार घेऊन आला. त्याच्या घरी माझ्याच जातीची एक मेलेली गाडी आहे. तिच्या अंगावरची तार काढून त्यानं मला लावली. केशोराव म्हणाला, "तुले काय देऊ?"

"देतं काय? रविवारी मंडळात ये म्हणजे झालं."

जुन्या गाड्यावाल्यांचं ते मंडळ. आम्ही सगळ्या मिळून नऊ. तिथली रीत मला फार आवडली: जिची चाल सगळ्यात कमी, ती पुढं चालणार, आणि एक थांबली की सगळ्या थांबणार. त्यामुळं पुढं नेहमी मीच.

पण केशोरावचा मुलगा गजेंद्र काळजीत असायचा. "बाबा, जंगलात बंद पडली तं तुमी एकटे काय करसान? एकदा का रस्त्यात बंद पडली, का भंगारात देतो."

केशोराव म्हणाला, "दे." शब्दाचा पक्का माणूस. त्या दिवसापासून मी प्रत्येक चढावर जीव मुठीत धरून चालले.

मग गोंदियाचे जावई आले, घनश्याम. मोठ्या मायेचा माणूस. सकाळी मला पंपावर नेऊन टाकी काठोकाठ भरून आणली आणि सासऱ्याला म्हणाले, "मामाजी, टंकी फुल्ल कर दी." ऑइलचं त्यांना काय माहीत? मी सांगणार कशी?

दुसऱ्या दिवशी रविवार, मंडळ बोदलकशाच्या तलावावर निघालं. अनुसयाबाई पहिल्यांदाच संगं आल्या. मुरदोलीच्या जंगलात माझं अंग तापलं, श्वास कोंडला आणि मागचं चाक जागीच धरलं गेलं. केशोरावनं कसंबसं सांभाळलं. मला वाटलं, संपलं.

मागच्या आठही गाड्या एकेक करून थांबल्या. नागझिऱ्याच्या अभयारण्यात गाईड असलेली दुर्गा बापाची गाडी चालवते. तिनं टाकीचं झाकण उघडून वास घेतला.

"काका, यात ऑइलच नाई."

केशोरावला कालची फुल्ल टाकी आठवली. अनुसयाबाई हसायला लागल्या. "जावयाचा मान हाय तो. गेला टाकीत."

"त्याईले नोको सांगू," केशोराव म्हणाला.

मला मोहाच्या सावलीत ढकललं. कोणी घाई केली नाही. भोजराजनं प्लग काढून थोडं ऑइल आत सोडलं. टाकीत घालायला ज्याच्या त्याच्या डिकीतून बाटली निघाली. दुर्गाच्या थर्मासमधला चहा फिरला. अंग निवल्यावर केशोरावनं हळूच किक मारली. दोनदा खोकले, तिसऱ्यांदा बोलले.

तेवढ्यात गजेंद्रचा फोन आला. केशोराव घुटमळला, तर अनुसयाबाईंनी फोन घेतला.

"हो रे, बंद पडली होती."

मला वाटलं, आता भंगारच.

"मंग? एकटेच बसून राहिले का तुमी?"

"एकटे कायले? आठ गाड्या थांबल्या आमच्यासाठी. मी चाय पिऊन राहिली. घे, आवाज आयक तिचा."

त्यांनी फोन माझ्या इंजिनाशी धरला. मी जमेल तितकं नीट बोलले.

गजेंद्र म्हणाला, "आई, बाबाले सांग, भंगाराचं राहू दे. अन् पुढच्या रविवारी कोठं जाऊन राहिले तुमी?"

आता मी गोठ्यात नाही, ओसरीत असते. म्हातारी आहेच, उद्या पुन्हा बंदही पडेन. पण त्याची धास्ती गेली. तुमच्याकडं माझ्यासारखी कोणी कोपऱ्यात पडली असेल, तर तिला चारचौघींत घेऊन या. थोडी हळू चालेल. तिला पुढं राहू द्या.