निवट्यांसाठी जागा

लॅबबाई शोभेच्या माशांच्या दुकानात शिरल्या त्या बहिणीच्या आग्रहाखातर. धाकटीला दिवाणखान्यात ठेवायला दोन गोल्डफिश हवे होते. शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं द्रावणं करून आणि परीक्षानळ्या धुऊन बाई निवृत्त झाल्या होत्या, तरी ओळखीपाळखीचे सगळे त्यांना अजून लॅबबाईच म्हणत. लग्न दोघींनीही केलं नव्हतं. आईवडिलांच्या मागे तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दोघी राहत होत्या, आणि घरातले निर्णय महिन्यातून एकदा येणारा दादा घेत होता.

दुकानाच्या कोपऱ्यात काठोकाठ भरलेल्या टाकीत चार निवट्या पंपाच्या नळीला चिकटून बसल्या होत्या. डोक्यावर बेडकासारखे डोळे, आणि पंखांवर चालणारा मासा. दोघी बहिणींचं लहानपण खाडीकाठी गेलेलं. ओहोटीच्या चिखलात टणाटण उड्या मारणाऱ्या निवट्या त्यांनी ढीगभर पाहिल्या होत्या. या मात्र मलूल होत्या.

"हे पाणी गोडं आहे का हो?" बाईंनी विचारलं.

"मग? मासे पाण्यातच राहणार." दुकानदार हसला.

"यांना मचूळ पाणी लागतं. ना धड गोडं, ना धड खारं. आणि बसायला कोरडी जागा लागते. अशा या मरतील."

"बाई, वीस वर्षं धंदा करतोय मी. एवढं कळतं तर तुम्हीच पाळा की."

हा टोमणा होता. पण टोमणे बाईंनी आयुष्यभर ऐकले होते. "तुम्हाला काय, नळ्या तर धुवायच्या," असं म्हणणाऱ्या शिक्षकांची द्रावणं बिघडली की त्याच निस्तरायच्या आणि गप्प बसायच्या. आज गप्प बसवेना.

"पाळते," त्या म्हणाल्या. "पण पाणी तयार व्हायला सहा आठवडे लागतील. तोवर यांना जगवायचं तुम्ही. अर्धं पाणी काढा, एक फरशी तिरकी ठेवा, आणि समुद्री टाकीचं मीठ रोज थोडं थोडं वाढवा. स्वयंपाकाचं नाही. उद्या येऊन बघते."

"ताई, आपले गोल्डफिश?" धाकटी पुटपुटली.

"नंतर."

बाई खरंच दुसऱ्या दिवशी गेल्या. तिसऱ्याही. दुकानदाराने पाचव्या दिवशी वैतागून फरशी ठेवली, मीठ टाकायला मात्र चालढकलच केली. दुसऱ्या आठवड्यात एक निवटी मेली. बाई नुसत्या त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्या संध्याकाळी त्याने मिठाचं पाकीट फोडलं.

इकडे घरात तीन फुटांची टाकी आली. भक्कम भिंतीलगत एकच जागा होती, आणि तिथे दादाची आरामखुर्ची होती. तिच्यात बसूनच तो हुकूम सोडायचा. बाईंनी खुर्ची उचलून गॅलरीत नेली.

टाकीत एका बाजूला दगड रचून त्यावर वाळूचा उतार केला, म्हणजे अर्धी जमीन, अर्धं पाणी. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडावा म्हणून ते बादलीत दिवसभर ठेवलं, त्यात मीठ विरघळवलं, खारटपणा मोजायला हायड्रोमीटर सोडला. १.००८ आकडा आला तेव्हा कुठे पाणी टाकीत गेलं. मग रिकाम्याच टाकीत त्या रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकू लागल्या.

"मासे नाहीत, तर जेवतंय कोण?" धाकटीने विचारलं.

"ते कुजतं, त्यातून विष होतं. ते विष खाणारे जिवाणू वाढले की मग मासे आणायचे." बाई रोज परीक्षानळीत टाकीतलं पाणी घेऊन त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकत, रंग बघत आणि वहीत लिहीत. इतकी वर्षं नोंदी दुसऱ्यांच्या वहीत जात होत्या. ही वही त्यांची स्वतःची होती.

पाण्याची पातळी उतरली तेव्हा धाकटी मिठाचं पाकीट घेऊन धावली. "थांब," बाई म्हणाल्या. "पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं. नुसतं गोडं पाणी घाल." तेव्हापासून ते काम धाकटीने आपल्याकडे घेतलं ते घेतलंच.

त्या महिन्यात दादाची फेरी चुकली होती, तरी त्याला कुणकुण लागलीच. सहाव्या आठवड्यात त्याचा फोन आला. "या वयात काय भिकेचे डोहाळे! मजला खचला तर? रविवारी येईन तेव्हा ते तिथे दिसता कामा नये."

"वजन काढलंय मी," बाई शांतपणे म्हणाल्या. "तू आणि वहिनी सोफ्यावर बसता तेवढंच भरतं."

फोन आपटल्याचा आवाज आला.

सहा आठवडे भरले त्याच शुक्रवारी नळीतल्या पाण्याने विषाचा रंग दाखवला नाही. शनिवारी तीन निवट्या घरी आल्या. दुकानदार स्वतः पोचवायला आला. टाकी न्याहाळत म्हणाला, "झाकण घट्ट ठेवलंत ते बरं केलंत. या भिंत चढतात."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. मग स्टूल पुढे सरकवून, "चहा घेणार?"

रविवारी दादा आला. सवयीने कोपऱ्याकडे वळला आणि खुर्चीच्या जागी काच बघून थबकला. काचेपलीकडे एक निवटी वाळूवर बसून त्याच्याकडे डोळे मिचकावत होती.

"हे चिखलातले किडे घरात? बंद करा हे सगळं." तो वाकला आणि पंपाच्या प्लगकडे हात नेला.

बाई उठणार, तेवढ्यात आवाज आला.

"हात लावू नकोस, दादा."

धाकटी बोलली होती. कॉलेज सोड म्हटल्यावर सोडणारी, नोकरी नको म्हटल्यावर घरी बसलेली धाकटी. निवट्यांच्या खाण्याची वाटी हातात घेऊनच ती टाकी आणि दादा यांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"तूसुद्धा?" दादा म्हणाला. "घर माझ्याही नावावर आहे, विसरू नका."

"एक तृतीयांश," धाकटी म्हणाली. "तुझा भाग गॅलरीकडचा धर. खुर्ची तिथेच आहे."

दादा चहा न घेताच गेला. जिना उतरणारी त्याची पावलं विरेपर्यंत दोघी उभ्याच होत्या. मग धाकटी मटकन खाली बसली आणि रडता रडता हसायला लागली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

दोन महिने दादा फिरकला नाही. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण कुणीही प्लग काढला नाही. थोरल्या निवटीने दगडाखाली बीळ कोरलं, वाळू तोंडात भरून बाहेर थुंकत. दुसरी जवळ आली की ती पाठीवरचा पंख ताठ उभारायची. धाकटी स्टूल ओढून तासन्‌तास बघत बसायची.

अशाच एका सकाळी फोन वाजला. बाईंनी उचलला. "दादा आहे," त्यांनी हाक मारली. "तुझ्याशीच बोलायचंय म्हणतो."

धाकटीने चिमट्यात धरलेला कोळंबीचा तुकडा वाळूवर टेकवला. थोरली टुणकन पुढे आली.

"थांबायला सांग त्याला," ती मान न वळवता म्हणाली. "मी कामात आहे."