अकरा की सहा

आमच्या घरात नवरा बायकोचं म्हणणं पटवून घ्यायला लागला की बायको साखरेचा डबा शोधायला धावते.

माझ्या नवऱ्याला शाळेत असल्यापासून डायबिटीस आहे. दर जेवणाआधी तो पोटात सुई टोचून इन्सुलिन घेतो. अंदाज चुकला की रक्तातली साखर घसरते. अशा वेळी कुणाला घाम फुटतो, कुणाचे हात थरथरतात. याचं तसं काही होत नाही. हा फक्त शहाण्यासारखा वागायला लागतो.

तो शाळेत बास्केटबॉल शिकवतो. आजवरचे सगळ्यांत थोर व्यावसायिक खेळाडू कोण, हा त्याच्या आयुष्यातला मुख्य प्रश्न. जॉर्डन पहिला, लेब्रॉन दुसरा, करीम तिसरा, मॅजिक चौथा, रसेल पाचवा, असं करत नवव्यापर्यंत दगडावरची रेघ. दहाव्या जागेवर मात्र त्याचं स्वतःशीच जमत नाही. सकाळी दात घासताना तिथे एक असतो, रात्री भांडी विसळताना दुसरा. लग्न ठरलं तेव्हा मला या खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं. मी आपलं साधं विचारलं, अजिंक्यपदं कुणाची जास्त? रसेलची अकरा, जॉर्डनची सहा. मग अकरावाला पाचवा कसा रे? तो असा उसळला म्हणता. तेव्हा लीगमध्ये आठ-नऊच संघ होते, कसली तुलना करतेस, असं बरंच. मला त्याचं ते तापणं इतकं आवडलं की मी तिथल्या तिथे रसेलची झाले. लग्नाला चार वर्षं झाली, मूल झालं, पण दोघांपैकी कुणी तसूभर हटलेलं नाही.

एकदाच हटला होता. एका संध्याकाळी मी नेहमीसारखी अकराची पिपाणी वाजवली, तर हा म्हणाला, असेल बुवा, तुझंच बरोबर असेल. मी विजयी मुद्रेने चहा टाकायला गेले. परत येऊन बघते तर साहेब दोन्ही पाय पँटच्या एकाच पायात घालून शांतपणे बसलेले. तेव्हापासून मला संशय आला की मी साखर मोजायचं मशीन काढायच्या आधी विचारते, पहिला कोण? तो वैतागून "जॉर्डन" म्हणाला की मी निर्धास्त.

त्या रविवारी नणंदेकडे जेवायला निघालो होतो. ती नवव्या मजल्यावर राहते. आम्ही गाडी लावत होतो तेवढ्यात तिचा फोन आला, ताटं वाढतेय, या लवकर. म्हणून त्याने गाडीतच इन्सुलिन घेतलं, म्हणजे वर जाऊन लगेच जेवायला बसता येईल. साखर मोजायचं मशीन आणि ग्लुकोजच्या गोळ्यांचं पाऊच पुढच्या काचेपाशीच राहिलं. मला दिसलं. मी म्हटलंही. तो म्हणाला, "नऊ मजले जायचंय, चंद्रावर नाही." त्याच्या कडेवर सात महिन्यांची मुलगी, माझ्या खांद्यावर तिची पिशवी. मी ऐकलं.

सहावा मजला गेल्यावर लिफ्टने एक गचका दिला आणि थांबली. मोठा दिवा गेला, कोपऱ्यातला बारका पिवळा दिवा लागला. फोनला रेंज नाही. घंटेचं बटण मी दाबूनच धरलं. थोड्या वेळाने वरून कुणीतरी ओरडलं, लिफ्टवाल्याला कळवलंय. मग नणंदेची भावाला हाक आली.

"लंबू, जेवण निवतंय रे."

"ताई, यांनी इन्सुलिन घेतलंय," मी ओरडले. मग तिच्या चपला जिन्यावर धावत गेल्याचं ऐकू आलं.

तो भिंतीला टेकून खाली बसला. मुलीला मी घेतलं. पिशवी उपसली. लंगोट, पावडरचा रिकामा डबा, रबरी जिराफ, आणि तिची दुधाची बाटली, भरलेली. खायचं दुसरं काही नाही. ज्या पिशवीत एरवी अख्खं घर मावतं, तिच्यात बिस्किटाचा चुरासुद्धा नव्हता. मी विचारलं, पहिला कोण? जॉर्डन, तो म्हणाला. बरं वाटलं. मुलगी भुकेने चुळबुळ करायला लागली, तिला खांद्यावर थोपटत मी पुन्हा विचारलं. जॉर्डन. ठीक आहे, माझ्या मनात आलं, वेळ आहे अजून. बाटलीचं झाकण उघडून मी ती तिच्या तोंडाला लावणार होते.

पण आवाजात वैताग नव्हता. चार वर्षांत "जॉर्डन" हा शब्द मी वैतागाशिवाय ऐकलाच नव्हता.

"दुसरा कोण?" मी विचारलं.

"जॉर्डन."

"माझ्या हातात कोण आहे?"

त्याने मुलीकडे पाहिलं, बराच वेळ, आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "जॉर्डन."

मला घाबरवायचं नाही, एवढं एकच त्याच्या डोक्यात उरलं होतं, आणि त्यासाठी लागणारा शब्द त्याने मुठीत घट्ट धरला होता. बाकी सगळं सुटलं होतं.

मी बाटली त्याच्या तोंडापाशी नेली. दुधातली साखर सावकाश चढते, पण चढते. त्याने तोंड मिटून घेतलं. "तिचं आहे," म्हणाला. मी म्हटलं, तिला नंतर देऊ. त्याने बाटली हाताने लोटली, थोडं दूध माझ्या कुशीतल्या मुलीच्या पायावर सांडलं आणि तिने टाहो फोडला. डॉक्टरांनी मला बजावून ठेवलं होतं, शुद्धीत आहे तोवरच पाजायचं, शुद्ध गेल्यावर एक थेंबही नाही, फुप्फुसात जाईल. त्याच्या पापण्या जड होत होत्या. जबरदस्ती करावी तर ठसका लागायची भीती, न करावी तर तो माझ्यासमोर विझत चाललेला.

तेवढ्यात डोक्यावर दार खडखडलं. लिफ्टवाला आला होता. बोटभर फट झाली, तीही माझ्या हाताच्या वर, तिच्यातून काही आत देता येईना. दार अडकलंय, म्हणाला, मशीनच्या खोलीतून हाताने खाली घ्यायला माणूस पाठवलाय, तोवर पेशंटला बोलतं ठेवा वहिनी.

मी बोलायला लागले. सुचेल ते. जॉर्डन दहावा. जॉर्डन विसावा. मधेच बास्केटबॉल सोडून बेसबॉल खेळायला पळाला तो. एरवी यातल्या एका वाक्यावर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. आता तो प्रत्येक वाक्याला "बरं" म्हणत होता. मुलगी किंचाळत होती, मी तिच्यावरून ओरडत होते, अकरा, ऐकतोस का, रसेलची अकरा.

वरून लिफ्टवाल्याने विचारलं, "कशावरून भांडताय?"

"बास्केटबॉलवरून."

त्याने फटीला तोंड लावलं. "त्यातला उंच कोण होता?"

"अहो, तुम्ही लिफ्ट बघा ना," नणंद रडत म्हणाली.

नवऱ्याची मान खाली गेली. मी त्याच्या गालावर मारलं, हळू नाही. डोळे उघडले, पण माझ्यावर ठरले नाहीत. हलवून झालं, विनवून झालं, चिडवून झालं. त्याला जागं ठेवण्यासारखं माझ्याकडे एकच काही उरलं होतं, जे मी चार वर्षं दिलं नव्हतं.

"ऐक," मी म्हटलं. "मी हरले. जॉर्डनच पहिला."

नजर हळूहळू वर आली.

"खरं?"

"खरं. सहा अंतिम फेऱ्या खेळला, सहाही जिंकला. रसेल पाचवा. तू म्हणतोस तसं."

तो विचार करत होता. विहिरीतून बादली ओढावी तसा एकेक शब्द वर येत होता.

"लिहून दे."

"देते. आधी जिंकलास म्हणून पी."

आणि त्याने बाटली घेतली. दोन्ही हातांनी, लहान मुलासारखी. रबरी बोंडी तोंडात धरून माझा सहा फुटी नवरा दूध चोखायला लागला. ते दृश्य बघून मुलगी रडायची थांबली. आपलं जेवण बाप संपवतोय याचं तिला इतकं नवल वाटलं असावं. मी त्याच्या गळ्यावर बोटं ठेवून बसले होते. प्रत्येक घोट खाली गेला की घाटी वर यायची. मला तेवढंच हवं होतं.

बाटली रिकामी झाली तरी त्याच्यात काही फरक दिसेना. दूध उशिरा पोचलं असलं तर, हा विचार मी मनात पुरा होऊ दिला नाही. त्याच्या हातात माझं बोट देऊन मी दाब म्हटलं, त्याने दाबलं. पुन्हा दाब. मग लिफ्ट हलली. हात-हात खाली सरकत सहाव्या मजल्यावर टेकली आणि दार उघडलं. समोर नणंद अनवाणी उभी, हातात साखरेचा डबा, खाली लादीवर सांडलेली साखर. पुढचं तिने केलं.

तासाभराने तो तिच्या टेबलाशी बसून जेवत होता. मशीन, गोळ्या, बोलावलेली आणि परत पाठवलेली रुग्णवाहिका, सगळं होऊन गेलं होतं. गचका बसल्यानंतरचं त्याला काहीच आठवत नव्हतं. लिफ्टवाला सही घ्यायला आला आणि जाता जाता म्हणाला, "वहिनींनी शेवटी हार मानली बरं का, मी साक्षीदार आहे."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "कसली हार?"

"त्यांना वरून नीट ऐकू आलं नसेल," मी म्हटलं. "अकरा म्हणजे अकरा."

"आठ संघ होते," तो भरल्या तोंडाने म्हणाला. नणंद हसली. मी मुलीला नवी बाटली पाजत होते आणि दर घासाला त्याच्याकडे बघत होते.

तेव्हापासून पहिला कोण हे मी विचारत नाही. तो शब्द त्याला पाठ आहे, तो बेशुद्ध होता होतासुद्धा मला तोच देईल. रात्री दिवा मालवायच्या आधी मी विचारते, दहावा कोण?

तो उसासा टाकतो. म्हणतो, हे बघ, कालपर्यंत मी ऑस्करला ठेवलं होतं, पण मग कोबीचं काय करायचं, आणि कोबीला आणलं तर ओलाजुवॉनवर अन्याय होतो, त्याला बाहेर ठेवणारा मी कोण. मला झोप येत असते, सकाळी लवकर उठायचं असतं. तरी मी मधे बोलत नाही. एकाचं पारडं वर, एकाचं खाली, तो अंधारात कुरकुरत राहतो, आणि तो चिडेपर्यंत मी ऐकत राहते.