हुकमाचा पट्टा

मी पट्टा बोलतोय. कुत्र्याच्या गळ्यातला नव्हे, माणसाच्या. आणि तोही साधासुधा नाही, जादूचा! घाबरलात? अहो, मी नाटकातला पट्टा आहे. माझी सगळी जादू म्हणजे एक बटण, एक इवलासा लाल दिवा आणि एक सेल.

माझा जन्म तेलाच्या रिकाम्या डब्यातून झाला. नाटकाचं सामान सांभाळणाऱ्या ताईंनी पत्रा कापला, कडा घासल्या, आतून मऊ शालीचा तुकडा चिकटवला आणि वरून सोनेरी रंग दिला. मग माझ्या अंगावर वेडीवाकडी अक्षरं कोरली. त्यांचा अर्थ कुणी विचारला, की ताई म्हणायच्या, "मलाही माहीत नाही. पण भीती वाटते ना? झालं तर मग!"

नाटक होतं एका लेखिकाबाईंचं. त्यात राजे, राक्षस, उडते किल्ले, सगळा थाट होता. आणि होता एक गुलाम. मी ज्याच्या गळ्यात, त्यानं प्रत्येक हुकूम पाळायचा, तोही आनंदानं. दिवा पेटला, की गुलाम हसत म्हणायचा, "जशी आज्ञा!" शेवटी राजपुत्र मला त्याच्या गळ्यातून काढायचा. गुलाम त्याचे पाय धरून म्हणायचा, "आता मी राजीखुशीनं तुमची चाकरी करीन." की पडदा!

गुलामाचं काम करायचे फुगेकाका. गाल फुगवून बोलायची लकब, म्हणून हे नाव. राजपुत्र ओरडायचा, "बेडूक हो!" काका हळूच मानेमागचं बटण दाबायचे आणि डराव डराव करत रंगमंचभर उड्या मारायचे. पोट धरधरून हसायची माणसं. मलाही वाटायचं, आपल्यासारखे आपणच.

एकदा दुपारचा प्रयोग संपला आणि माझी कडी अडकली. ताईंनी तेल घातलं, पक्कड लावली, पण कडी सुटेना, उलट काकाच "आई गं!" करून ओरडले. शेवटी मफलर गुंडाळून ते तसेच घरी निघाले. बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, "मान धरली का हो?"

"नाही, मी गुलाम आहे," काका म्हणाले.

"लग्न झालंय म्हणा की!"

घरी काकू मला पाहून इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. साबणाचा फेस काकांच्या मानेला चोळता चोळता त्यांना गंमत सुचली. "हुकूम करते हं. म्हणा, माझ्या हातची भाजी जगात भारी!"

काकांनी बटण दाबलं. "जशी आज्ञा! जगात भारी!"

"आता म्हणा, तुमचं माझ्यावर प्रेम आहे."

माझा दिवा पेटला. "जशी आज्ञा! माझं तुझ्यावर प्रेम आहे!"

काकूंचा हात थांबला. हसू कुठल्या कुठे गेलं. "बंद करा तो दिवा."

"अगं, गंमत..."

"गंमतच. पण हे तुम्ही म्हणालात की पट्टा म्हणाला, मला कसं कळायचं?"

साबणाच्या फेसानं अखेर माझी कडी सुटली. त्यांच्या मानेवर लाल वळ उठला होता. मला ओट्यावर ठेवून ते म्हणाले, "आता परत विचार."

"विचारते कशाला? भाजी गार होतेय," काकू म्हणाल्या. पण कान लाल झाले होते त्यांचे.

दुसऱ्या दिवशी काका मला घेऊन थेट लेखिकाबाईंकडे गेले. दिग्दर्शक आणि राजपुत्र तिथेच होते. "बाई, ती शेवटची ओळ माझ्या तोंडून यायची नाही," काका म्हणाले.

"काका, ही कल्पनेतली गोष्ट आहे. पट्टा जादूचा आहे!"

"म्हणूनच! साखळीनं बांधलेला माणूस निदान मनातल्या मनात शिव्या देतो. या पट्ट्यानं त्याचं मनच काढून घेतलंय. ते त्याला परत मिळालं, हे दिसायला नको?"

"मी सोडवायचं आणि यानं पायही धरायचे नाहीत?" राजपुत्र उखडला. "मग मी कसला नायक?"

दिग्दर्शकानं तर सरळ सांगितलं, "जमत नसेल तर दुसरा नट बघतो."

"बघा," म्हणून काका निघून गेले. त्यांचं आवडतं काम गेलं. आणि मी? ज्याच्या मापानं मला घडवलं, तो गळाच गेला.

नवा नट होता काटकुळा. तालमीत मी त्याच्या खांद्यावर घसरत होतो. राजपुत्रानं मला काढलं आणि तो हसून म्हणाला, "आता मी राजीखुशीनं..."

"थांबा," लेखिकाबाई उठल्या. "पुन्हा म्हणा."

तो पुन्हा म्हणाला. तसाच हसला.

"पट्टा निघाला, तरी हसू तेच!" बाई स्वतःशीच पुटपुटल्या. त्यांनी ती ओळ खोडली आणि काकांना फोन लावला.

पुढच्या प्रयोगाला काकू पहिल्या रांगेत होत्या. राजपुत्रानं मला काढलं आणि सवयीनं फर्मावलं, "चल, माझा घोडा आण."

काकांचं पाऊल उचललं गेलं. मग थांबलं. त्यांनी मोकळ्या गळ्यावरून हात फिरवला.

"नाही," ते हळूच म्हणाले. जिभेवर काहीतरी नवं ठेवून चव बघावी तसे. मग गाल फुगवून, आनंदानं, "नाही! नाही! नाही!"

आणि मग टाळ्या! राजपुत्राला स्वतःचा लाकडी घोडा ओढत न्यावा लागला. त्याचं एक चाक कुरकुरत होतं. इतकं हसू त्या नाटकात कधी पिकलं नव्हतं. राजपुत्र विंगेत येऊन खुशीत म्हणाला, "काका, उद्या घोडा पाडू का?"

ते नाटक बंद होऊन बराच काळ लोटला. माझा सोनेरी रंग उडालाय, दिवाही गेलाय. गोष्टी लिहिणाऱ्यांनो, राक्षस उडवा, किल्ले उडवा, मलाही खुशाल कुणाच्या गळ्यात घाला. फक्त त्या गळ्याला स्वतःचा आवाज असतो, तो लिहायला विसरू नका.

हल्ली मी ताईंच्या खोलीत गरम किटलीखाली असतो. चटके बसतात, पण मजेत आहे. इथे हुकूम नाहीत. "चहा घेणार?" असं ताई प्रत्येकाला विचारतात, आणि काही जण चक्क नको म्हणतात.