विनिपेगला नावं ठेवू नका

मी वायर बोलतेय. कॅनडातल्या विनिपेगच्या स्टेफ्का हावरिलुक यांच्या अंगणातली, पिवळी, चांगली लांबलचक. हिवाळ्यात रात्रभर माझं एक टोक घराच्या भिंतीत आणि दुसरं गाडीच्या नाकाशी. मी इंजिन ऊबदार ठेवते, म्हणून सकाळी गाडी सुरू होते.

पण आमच्या गावाचं नाव काढलं की लोकांचं सुरू! "बर्फ आणि डास, दुसरं आहे काय तिथं?" अहो, आलात का कधी? उचलली जीभ, लावली टाळ्याला! नदी गोठली की लोक तिच्यावरून स्केटिंग करत कामाला जातात. कुणाचं लग्न ठरलं की अनोळखी माणसंही हॉल भरून नाचतात आणि नव्या संसाराला हातभार लावतात. हे कुणी सांगत नाही. वैताग येतो अगदी!

स्टेफ्काबाईंच्या एकुलत्या एका लेकीचं, डारकाचं, लग्न ठरलं व्हँकुव्हरच्या कॉलिनशी. जानेवारीत तो आठवडाभर राहायला आला आणि नाकानं कांदे सोलत बसला. बाईंनी केलेल्या पिरोग्या, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, खाता खाता म्हणाला, "इथं माणसं राहतात तरी कशी?" डारकानं कायमचं व्हँकुव्हरला यायचं, हे त्यानं परस्पर ठरवूनही टाकलं. बाईंनी त्याच्या ताटात आणखी दोन पिरोग्या वाढल्या. माझा मात्र जीव तुटत होता.

दोघं व्हँकुव्हरला निघायच्या सकाळी डारका आईच्या गळ्यात पडून रडत होती आणि हा गाडीत बसून हॉर्न वाजवत होता. ती धावत येऊन बसली. मला काढायचं राहिलंच! गाडी मागे गेली, मला भिंतीतून हिसका बसला आणि मी रस्त्यावरून फरफटत निघाले. ही चूक इथं प्रत्येकाच्या हातून कधी ना कधी होते, पण अंग माझं सोलवटतं ना!

शेजारच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला, हातवारे केले. कॉलिननं दारं लॉक केली. "बघ, तुझ्या गावची माणसं!"

पुढच्या सिग्नलला एका बसचा ड्रायव्हर भरली बस सोडून खाली उतरला. बर्फात गुडघे टेकून त्यानं मला सोडवलं, नीट गुंडाळलं आणि काचेवर टकटक केलं.

"उघडू नकोस!" कॉलिन ओरडला. डारकानं उघडली.

"वायर घेऊन कुठं निघालीस गं पोरी? आई शिव्या घालेल!" ड्रायव्हर हसला. "कुठल्या शाळेतली तू?"

आमच्या गावात ओळख अशीच काढतात. तिनं डोळे पुसत शाळेचं नाव सांगितलं.

"अगं, माझी पुतणी तिथंच होती!"

"काच लाव आधी, गारठलो मी," कॉलिन म्हणाला.

"तो आपल्यासाठी बर्फात बसला होता, कॉलिन."

"मग? मी सांगितलं होतं का त्याला?"

डारकानं मला मागच्या सीटवर ठेवलं. मग उतरून त्याला बाजूला सरकायला लावलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली. विमानतळावर त्याची एकट्याचीच बॅग बाहेर निघाली.

दारात तिला परत आलेली पाहून बाई दचकल्या. "काय गं, काय विसरलीस?"

"काही नाही. तो गेला, मी राहिले. आधी गाडीला वायर लाव, मग रड."

बाई रडत रडतच बाहेर आल्या. माझी वाकलेली पिन त्यांनी पकडीनं सरळ केली.

आता माझ्या अंगावर जागोजाग काळ्या चिकटपट्ट्या आहेत. आमच्या गावाला थंड म्हणा, खुशाल म्हणा, ते आहेच. पण इथल्या माणसांबद्दल बोलायचं असेल तर एकदा या. जाड मोजे आणा, बाकीचं आम्ही बघतो.