करंगळीची खबर

"डोळे मिटा, पंचफुलाबाई. पेन जिथं लागन तिथं बोट ठेवजा."

करडीकडच्या आरोग्य उपकेंद्राच्या ओसरीत पंचफुलानं डोळे गच्च मिटले आणि उजवा हात पुढे केला. समोर बसलेला कुष्ठरोग तंत्रज्ञ श्रावण मेश्राम सव्वीस वर्षं हेच करत आला होता. बॉलपेनचं टोक कातडीला लावायचं, आणि माणसाला ते कळतं का ते पाहायचं.

पंचफुला शाळेत पोरांची खिचडी रांधायची. चुलीवरचं तापलेलं भगोणं ती उघड्या हातानं उतरवायची. बाईचा हात लोखंडाचा, असं पोरं कौतुकानं म्हणायची. भाजत कसं नाही, हा प्रश्न दोन वर्षं एकाही शहाण्याला पडला नाही. पडला तोवर कोपराची नस दोरीसारखी जाड झाली होती. मग वर्षभर गोळ्या चालल्या, रोग गेला, कुणाला तिच्यापासून धोका उरला नाही. पण शाळेच्या मोठ्या बाईंनी बजावलं होतं, हात धड असल्याचा कागद आणा, नाहीतर सोमवारपासून चुलीवर दुसरी बाई.

"जंतू मेले, मंग नस काहून जित्ती नाही होत?" मागच्या खेपेला तिनं विचारलं होतं.

"नस दोन कामं करते, बाई. डोक्याचा हुकूम हाताले आनते, अन् हाताची खबर डोक्यात नेते. तुमचा हुकूम येऊन राहिला, म्हणून चमचा धरता. खबर बंद पडली."

मेलेली नस परत येत नाही, हे मात्र त्याला सांगवलं नाही. "पाहू," एवढंच तो म्हणाला होता. त्या एका शब्दावर तिनं तीन महिने काढले, याची आज त्याला लाज वाटत होती.

पेन अंगठ्याला लागलं. तिनं बरोबर दाखवलं. मग तळवा, मग अनामिका, मग करंगळी. सगळं बरोबर! श्रावण हरखून गेला. आणि लगेच त्याच्या ध्यानात आलं. अंगठा, तळवा, अनामिका, करंगळी, मनगट. त्याचा हा क्रम सव्वीस वर्षांत कधी बदलला नव्हता.

त्यानं पेन खिशात ठेवलं आणि मनगटाला काहीच लावलं नाही.

पंचफुला जराशी थांबली. मग तिनं मनगटावर बोट ठेवलं. "इथं लागलं, भाऊ."

"बाई, डोळे उघडा."

तिला त्याचा रिकामा हात दिसला. तिचं तोंड उतरलं.

"लिहून द्या न, भाऊ. चटका मी डोळ्यानं पाहीन. पोराईले त्रास नाही होऊ देनार."

श्रावणला रडू आवरेना. तरी त्यानं तपासणीच्या कार्डावर खरं तेच लिहिलं, हाताला स्पर्श कळत नाही.

पंचफुलानं कार्ड घेतलं. पदर सारखा करून पायऱ्या उतरली आणि तळ्याच्या पाळीवरून चालू लागली. दुपारचा मुरूम तापला होता. दहा पावलांवर तिच्या डाव्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली. तापल्या मुरुमावर तो उघडा पाय सावकाश टेकवत ती तशीच चालत गेली.

श्रावणनं धावत जाऊन चप्पल उचलली, आणि तिला हाक कशी मारायची हे त्याला कळेना.