जित्या बाईला शेंदूर

घाटाच्या माथ्यावर माझ्या नावाचा दगड बसवून त्याला शेंदूर फासला, त्याच सकाळी माझ्या पायाची बोटं दगडाची झाली. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. हातातला तवा बोटांवर पडला आणि ठण्ण वाजलं.

मी हौसा कोकरे. वरच्या वाडीतून खाली पेठेत उतरणारी गाडीवाट मी काढली. सात वर्षं पहार चालवली. माझ्या आजारी सासूला माणसं झोळीत घालून पेठेत नेत होती, ती निम्म्या घाटातच गेली, म्हणून काढली. गावचे बाप्ये म्हणाले, बाईमाणूस डोंगर फोडणार, मग आम्ही काय बांगड्या भरायच्या? मी म्हटलं, भरा. पहिली गाडी मीच हाकली.

आता तेच बाप्ये माझ्यापुढं नारळ वाढवत होते. आमच्याकडं वाट काढणाऱ्याला देव मानून त्याचं ठाणं तो मेल्यावर बसवतात. यांना तेवढा दम धरवला नाही.

दाजी गुरव रोज शेंदूर लावी आणि मी रोज बोटभर दगड होई. मी त्याला गाठलं.

"दाजी, मी जिती हाय."

"असशील की. देवाला कुठं मरण असतं?"

"माझे गुडघे वाकंनात."

"मग बसू नको. उभा देव जास्त कडक असतो."

तो दगड मी तीनदा उपटून दरीत टाकला. मी घरी पोचायच्या आत तो परत जागेवर असे, आणि दर खेपेला आधीपेक्षा जास्त माझ्या तोंडवळ्याचा.

त्याचंही मी मनावर घेतलं नसतं. पण दाजीनं फर्मान काढलं, देवीच्या वाटेवर चाक घालायचं नाही. लोक अनवाणी, डोक्यावर ओझी घेऊन उतरू लागले. चाकोऱ्यांत गवत माजलं. दोन्हीकडचे कडे रोज थोडे जवळ सरकत. एके दिवशी मी वाटेत उभी राहून हात पसरले, तर दोन्ही तळवे खडकाला टेकले. माझी सात वर्षं अशी मिटताना बघून मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

मी कमरेपर्यंत दगड झाले होते तेव्हा माझी सून सगुणा अडली. सुईण म्हणाली, पेठेत न्या, माझ्या हातात राहिलं नाही. दारात माणसं जमली, बांबू आणि झोळी घेऊन. सगुणानं झोळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"गाडी जुंप," मी लेकाला, बिरूला म्हटलं.

"आई, देवी कोपंल."

"देवी मीच ना? मग कुणावर कोपायचं ते माझं मी बघते. जुंप."

बिरूनं सगुणाला गवतावर निजवलं आणि मला पोत्यासारखं मागं टेकवलं. चाकं वाटेत शिरली तसे कडे कुरकुरत मागं सरले. चाकापुरतेच सरले, पण सरले.

माथ्यावर दाजी शेंदराची वाटी घेऊन आडवा आला.

"ओंडका कुठाय, हौसाक्का?"

उतारावर गाडीमागं जड ओंडका बांधून फरफटत नेतात, नाहीतर गाडी बैलांच्या अंगावर जाते. वाडीतले सगळे ओंडके दाजीनं माझ्या देवळाच्या छपराला घातले होते.

"ओंडक्याबिगर सून बी दरीत आणि बैल बी," तो म्हणाला. एवढं मात्र त्याचं खरं होतं. सगुणा कण्हली.

मी स्वतःकडं पाहिलं. कमरेखाली दगड, वर बाई. एवढ्या वजनानं गाडी थोपली नसती.

"दाजी, वाटीत किती हाय?"

"काठोकाठ."

"सगळा लाव. पोटापासनं धर. तोंड शेवटी, मला बैल हाकायचेत."

दाजीनं वाटीत बोटं बुडवली. इतकी ऐकणारी देवी त्याला कधी भेटली नव्हती. बिरू रडत होता, तरी त्यानं मला गाडीतून खाली उतरवलं, माझ्या काखेतून दोर घेतला आणि गाडीमागं गच्च आवळला. मी हाक दिली आणि बैल उताराला लागले.

गाडी पळाली नाही. माझ्या पाठीखाली गवत मुळासकट उपटत होतं, चाकं दोन्ही कड्यांना घासत होती, आणि दाजी वाटी सांभाळत, मला शेंदूर फाशीत माझ्यासोबत अनवाणी पळत होता. तिसऱ्या वळणावर त्याचं बोट माझ्या हनुवटीला लागलं. मी तोंड उघडून बैलांना म्हटलं, हळू रे.